शिडाच्या बोटीवर हिवाळा काढताना: बडोद्याहून जाणाऱ्या नवख्यांसाठी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टन आणि पोर्ट्समथच्या आसपास, शिडाच्या छोट्या बोटींवर बारमाही राहणारी माणसे आहेत. बडोद्याहून तिकडे शिकायला किंवा कामाला गेलेल्या एखाद्याने घरभाड्याला कंटाळून जुनी नऊ-दहा मीटरची बोट घेतली, किंवा अशा बोटीवर राहणाऱ्या भावाकडे, मुलीकडे हिवाळ्यात जाऊन राहण्याचा बेत कोणी आखला, तर त्याला काय काय माहीत असावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. माझ्या धाकट्या भावाची बोट त्याच भागात असल्यामुळे माझेही काही हिवाळे तिथे गेले आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारात परत आले की ओळखीचे लोक पहिल्यांदा वादळाबद्दलच विचारतात. पण वादळासाठी बोट सज्ज करणे हे एका दुपारचे काम आहे. त्यानंतर हवामान उघडेपर्यंत बंद बोटीत जे दिवस काढावे लागतात, त्या दिवसांत ओल, गॅस, वीज आणि स्वतःचा उतावळेपणा यांना सांभाळणे जास्त अवघड असते आणि नवख्याचे हाल तिथेच होतात.

तिकडचे हवामान आधी समजून घ्यावे

हिवाळ्यात ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातील तफावत वाढते. त्या तफावतीतून उत्तर अटलांटिकवर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात ती एकामागून एक ब्रिटनकडे सरकत राहतात. अरबी समुद्रातले चक्रीवादळ एकदा किनाऱ्यावर आदळून विरले की आपण सुटकेचा श्वास टाकतो; तिकडे मात्र एक क्षेत्र पुढे सरकते तोवर दुसरे मागे उभे असते, आणि दोहोंच्या मधली उघडीप कधीकधी जेमतेम एका दिवसाची असते. या उघडिपीला भुलून निघणारी बोट दुसऱ्या वाऱ्यात सापडते.

असे क्षेत्र उत्तरेकडून जात असेल तर वाऱ्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी वारा दक्षिणेकडून येतो, ढग खाली उतरतात, पाऊस लागून राहतो. मग वारा नैर्ऋत्येला वळतो आणि शेवटी शीत आघाडी, म्हणजे मागून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, ओलांडून गेली की तो एकदम पश्चिम-वायव्येकडून येऊ लागतो. या शेवटच्या टप्प्यात आभाळ फाटून निळे दिसते, ऊन पडते, आणि नवख्याला वाटते की संपले. प्रत्यक्षात सर्वांत जोराचे झोत पुष्कळदा याच वेळी येतात, म्हणून ऊन पडले तरी दोर सैल करू नयेत.

ब्रिटनच्या हवामान खात्याचे, म्हणजे मेट ऑफिसचे, सागरी अंदाज रोज ठरलेल्या वेळी मिळतात. त्यासाठी भोवतालचा समुद्र ३१ विभागांत वाटलेला आहे आणि साउथॅम्प्टनकडच्या माणसाने ‘वाइट’ आणि त्याच्या पश्चिमेचा ‘पोर्टलंड’ हे दोन विभाग ऐकावेत. वाऱ्याचा जोर ब्युफोर्ट श्रेणीत सांगतात. श्रेणी ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट, श्रेणी १० म्हणजे ४८ ते ५५ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. हे आकडे सरासरी वाऱ्याचे असतात, झोत त्याहून बरेच वर जातात. शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे वीस नॉटला निवांत उभी असलेली बोट चाळीस नॉटला दोरांवर चौपट ताण देते. इशाऱ्यात ‘इमिनन्ट’ म्हटले असेल तर वादळी वारा सहा तासांच्या आत येणार, ‘सून’ म्हटले असेल तर सहा ते बारा तासांत आणि ‘लेटर’ म्हटले असेल तर बारा तासांनंतर. आपल्या हाती किती वेळ आहे, हे या तीन शब्दांवरून ठरवता येते.

या इशाऱ्यांमागे एक जुनी दुर्घटना आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यानंतर मेट ऑफिसचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून तारेने वादळाच्या सूचना बंदरांना पाठवायला सुरुवात केली. आज एका सागरी विभागाला त्यांचेच नाव आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १८ फेब्रुवारी २०२२ चे ‘युनिस’ वादळ घ्यावे. त्या दिवशी वाइट बेटाच्या पश्चिम टोकाला ‘द नीडल्स’ येथे ताशी १२२ मैलांचा, म्हणजे सुमारे १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. ते केंद्र उघड्या कड्यावर आहे, बंदराच्या आत तेवढा वारा नसतो. तरी ते टोक ज्या सॉलेंट सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे, तिच्याच काठी आपली बोट बांधलेली आहे, याचे भान असावे.

बोटीत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतोच. सकाळ-संध्याकाळ त्याचा आकडा वहीत लिहिण्याची सवय लावावी. दाब तीन तासांत ३.६ ते ६ मिलिबार उतरला तर तो वेगाने उतरतो आहे असे मानतात. सहाच्या वर उतरला तर पुढचे काही वाचण्याआधी बाहेर जाऊन दोर पाहावेत.

जागा कुठे घ्यावी

नांगर टाकून किंवा पाण्याच्या मधोमध तळाशी जखडलेल्या तरंगत्या बोयाला बांधून हिवाळा काढणारे लोक आहेत, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. मरीनामध्ये, म्हणजे छोट्या बोटींसाठी बांधलेल्या बंदरात, तरंगत्या धक्क्याला, म्हणजे पाँटूनला, बोट लावावी. जागा ठरवताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: बोटीवर कायम राहण्यास परवानगी आहे का, विजेचे मोजमाप आणि आकार कसा आहे, आणि कडाक्याच्या थंडीत पाँटूनवरचे पाण्याचे नळ बंद करतात का. अनेक मरीनांमध्ये राहण्यावर मर्यादा असतात, आणि गुपचूप राहून पाहू हा विचार जानेवारीत अंगाशी येतो. विमा कंपनीलाही बोटीवर राहणार असल्याचे आधी कळवावे. मिळणारी जागा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून उघडी असेल तर ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

भरती-ओहोटीची कल्पना बडोद्यात बसून येत नाही. जाण्यापूर्वी एकदा खंभातच्या आखाताकाठच्या कावी-कंबोईला जाऊन यावे. स्तंभेश्वराचे देऊळ भरतीत पाण्याखाली जाते आणि ओहोटीत पुन्हा उघडे पडते, ते काठावर उभे राहून पाहिले की समुद्राची पातळी दिवसातून दोनदा किती बदलू शकते, हे डोळ्यांना समजते. साउथॅम्प्टनला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. पाँटून पाण्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून त्याला बांधलेल्या दोरांना ढील ठेवावी लागत नाही. दगडी भिंतीला बोट बांधली असेल तर मात्र दोर लांब हवेत, नाहीतर ओहोटीत बोट टांगली जाईल. वादळात आणखी एक भर पडते. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते, त्यामुळे ९६० मिलिबारच्या वादळात केवळ दाबामुळेच पाणी अर्ध्या मीटरने वर येते, आणि वारा ढकलतो ते पाणी वेगळेच.

बडोद्यातून काय न्यावे

सामान मऊ पिशवीत न्यावे. कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. बडोद्याच्या थंडीसाठी घेतलेले जाड सुती कपडे तिथे निरुपयोगी ठरतात, कारण सुती कापड ओल धरून ठेवते आणि चार-चार दिवस वाळत नाही. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ कपडे, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट, अशी थरांची मांडणी ठेवावी. बाहेरचे जाकीट आणि न घसरणारे बूट तिकडेच घेतलेले बरे. आजीच्या हातची गोधडी न्यायचा मोह होतो, पण ती एकदा ओलसर झाली की मार्चपर्यंत ओलसरच राहते; तिच्याऐवजी कृत्रिम भरणाची झोपण्याची पिशवी घ्यावी.

खाण्याच्या जिन्नसांत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, पोहे, डाळी, गोडा मसाला आणि तिळगूळ न्यावा. ब्रिटनमध्ये आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खवा हे घरीच ठेवावे. ताजी फळे आणि भाज्या यांचे नियमही कडक आहेत. चिवडा आणि भाखरवडी मोठ्या डब्यात भरू नये. डबा एकदा उघडला की बोटीतल्या दमट हवेत तो संध्याकाळपर्यंत सादळतो, म्हणून एका वेळी संपेल एवढ्या छोट्या पाकिटांत बांधून घ्यावे.

व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्याने सहा महिन्यांची मर्यादा आणि काम करण्याची मनाई लक्षात ठेवावी. शेजारच्या बोटीची रंगरंगोटी करून चार पौंड मिळवणे हेही कामच धरले जाते.

बोलाइन आणि क्लव्ह हिच या दोन गाठी गॅलरीच्या कठड्यावर डोळे मिटून बांधता येईपर्यंत घरीच घटवाव्यात. अंधारात, पावसात, हातमोजे घालून त्याच बांधायच्या असतात.

वादळापूर्वीची दुपार

इशारा आला की काम वरून खाली करत यावे. पुढचे गुंडाळते शीड आधी उतरवावे. नुसते घट्ट गुंडाळून ठेवलेले शीड वादळात एका कोपऱ्यातून सुटते, फडफडत उलगडते आणि स्वतःबरोबर डोलकाठीही धोक्यात आणते. भर वाऱ्यात ते आवरायला जाणे हा जिवावरचा खेळ आहे. मुख्य शीड, पावसाळी छत, डेकवरच्या पिशव्या, छोटी रबरी होडी, जे काही वारा धरील ते उतरवून आत ठेवावे किंवा घट्ट बांधावे. शिडे चढवण्याचे दोर डोलकाठीवर रात्रभर आपटत राहिले तर शेजारीपाजारी कोणी झोपू शकत नाही, म्हणून ते बाजूच्या तारांकडे ओढून बांधावेत. तिकडे बांधून न ठेवणे असभ्यपणाचे समजतात.

नंतर बांधणीचे दोर पाहावेत. पुढून एक, मागून एक आणि पुढे-मागे सरकणे रोखणारे दोन तिरके दोर, एवढे नेहमीचे असतातच. वादळासाठी यांतला प्रत्येक दोर दुहेरी करावा आणि दुसरा दोर वेगळ्या खुंट्याला बांधावा, म्हणजे एक खुंटा उखडला तरी बोट सुटत नाही. दोर नायलॉनचा असावा, कारण तो ताणला जातो आणि झटका पचवतो. दोर क्वचितच मधोमध तुटतो. बोटीच्या कडेला असलेल्या धातूच्या खाचेतून जिथे तो वळतो, तिथे दर लाटेबरोबर बोटभर पुढे-मागे घासला जातो. आधी त्याच्यावर कापसासारखी लव येते, मग एक पीळ सुटतो, आणि पहाटेपर्यंत हाताच्या अंगठ्याएवढा जाड दोर सुतळीएवढा उरतो. त्या खाचेच्या जागी जुन्या पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा दोरावर चढवून दोन्ही टोकांनी बांधून टाकावा. दर तीन-चार तासांनी टॉर्च घेऊन हीच जागा पाहावी. बाकी दोराकडे नुसती नजर टाकली तरी पुरते.

फेंडर, म्हणजे धक्का पचवणाऱ्या हवाभरल्या उशा, असतील तेवढे सगळे पाँटूनच्या बाजूला लावावेत. हे झाले की आत यावे आणि चहा करावा. यापलीकडे वादळाचे काम फारसे उरत नाही.

ओल: रोजचे काम

हिवाळ्यात बोटीच्या आत पाणी येते ते बहुतेक वेळा समुद्राचे नसते, आपलेच असते. झोपेत एक माणूस श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. ओले जाकीट, उकळता चहा, भाताची वाफ हे त्यात भर घालतात, आणि गॅसची शेगडी तर सर्वांत जास्त: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. वीस अंश तापमानाची आणि साठ टक्के आर्द्रतेची हवा सुमारे बारा अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडू लागते. जानेवारीत बाहेर समुद्र आठ-नऊ अंशांवर असतो, त्यामुळे बोटीची भिंत बारा अंशांच्या खालीच राहते, आणि सकाळी गादी उचलून पाहिली तर तिच्या खालच्या बाजूला, विशेषतः खांद्याच्या आणि कमरेच्या जागी, कापड गडद झालेले आणि हाताला गार लागते. आठवडाभर तसेच सोडले की तिथे काळी बुरशी येते.

उपाय एकच नसतो, सगळे मिळून करावे लागतात. गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा हवा खेळेल अशी जाळी घालावी आणि सकाळी उठल्याबरोबर गादी उभी करून ठेवावी. कपाटांची दारे थोडी उघडी ठेवावीत आणि कपडे भिंतीला टेकवू नयेत. ओले जाकीट आत न आणता दाराशी किंवा न्हाणीत टांगावे. हवा बाहेर जाण्याचे एक आणि आत येण्याचे एक, अशी दोन भोके कायम उघडी राहिली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून ती चिंध्या कोंबून बंद करणारे लोक दोन दिवसांत खोकू लागतात. वरचे झाकण बोटभर उघडून हीटर लावणे बडोदेकराला उधळपट्टी वाटते, पण बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की ती कोरडी होते, म्हणून ती उधळपट्टी करावीच. विजेची सोय असेल तर आर्द्रता शोषणारे यंत्र घ्यावे. घरगुती कॉम्प्रेसरवाले यंत्र पंधरा अंशांच्या खाली मंदावते. शोषक पदार्थावर चालणारे यंत्र थंडीत चांगले काम करते आणि थोडी उबही देते. त्यातली टाकी रोज ओतताना पाणी किती निघते ते पाहिले, म्हणजे ही सगळी खटपट कशासाठी, असे कोणी विचारत नाही.

उब, गॅस आणि विषारी वायू

या भागात चालढकल चालत नाही. शेगडी पेटवून बोट तापवू नये, रात्री तर मुळीच नाही. जिथे जळणाला पुरेशी हवा मिळत नाही तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे लोक बोट लागल्याची समजतात. बोटीसाठी प्रमाणित केलेला, ‘ईएन ५०२९१-२’ असे लिहिलेला अलार्म झोपण्याच्या जागेजवळ असलाच पाहिजे, आणि तो वाजला तर कारण न शोधता आधी सर्वांनी बाहेर यावे. शेजारच्या बोटीच्या इंजिनाचा किंवा जनरेटरचा धूरही वाऱ्याबरोबर आत येऊ शकतो.

धुराचा अलार्म वेगळा असतो. मोहरीची फोडणी घातली की तो हमखास वाजतो, आणि वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवणारे मराठी घरांतच जास्त सापडतील. फोडणी भांड्यावर झाकण ठेवून करावी, बोटीचे वरचे झाकण उघडावे, अलार्मला हात लावू नये.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली उतरून बोटीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून स्वयंपाक झाला की शेगडीच्या बटणावर न थांबता सिलिंडरपाशी गॅस बंद करावा, प्रत्येक वेळी. वास आला तर कोणतेही बटण दाबू नये, झाकणे उघडावीत आणि बाहेर पडावे. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबते, त्यामुळे थंडीच्या सकाळी भरलेल्या सिलिंडरवरही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो, म्हणून हिवाळ्यात प्रोपेन घ्यावा आणि त्याला योग्य रेग्युलेटर लावावा.

उबेसाठी दोन पर्याय चांगले आहेत. एक, किनाऱ्याच्या विजेवर चालणारा तेलभरला रेडिएटर. दुसरा, डिझेलवर चालणारा हवेचा हीटर, ज्याचा धूर नळीने बाहेर जातो. डिझेलवाला महाग पडतो पण वीज गेली तरी चालतो, आणि वादळात वीज जातेच. देवाजवळ निरांजन आणि उदबत्ती लावायची असेल तर समोर बसून लावावी आणि उठण्यापूर्वी विझवावी. रात्रभर तेवणाऱ्या दिव्यासाठी बॅटरीचा दिवा देवाला चालतो, असे माझे मत आहे.

वीज

पाँटूनवर २३० व्होल्टची, सहसा १६ अँपिअरची जोडणी मिळते. म्हणजे एकूण सुमारे ३.७ किलोवॅट. दोन किलोवॅटचा हीटर चालू असताना विजेची किटली लावली की सगळे बंद पडते. केबल जोडताना बोटीकडचे टोक आधी आणि पाँटूनकडचे नंतर, काढताना याच्या उलट, म्हणजे जिवंत टोक पाण्यात पडण्याचा धोका राहत नाही. उरलेली केबल वेटोळे करून ठेवू नये, भार असताना ती तापते. बोटीत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आहे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडतो, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

बारा व्होल्टची साधी शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरली की १२.७ च्या आसपास दाखवते आणि १२.२ ला ती निम्मी झालेली असते. त्याखाली जाऊ देऊ नये.

पाणी, संडास, स्वयंपाक

नळ गोठण्याच्या रात्रीपूर्वी टाकी भरून ठेवावी आणि पिण्याचे पाणी दोन दिवसांचे वेगळ्या कॅनमध्ये आत ठेवावे. बोटीतला संडास हातपंपाने समुद्राचे पाणी आत घेतो; वापर झाला की त्याचे आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत. बंदरात असताना मैला टाकीतच जाऊ द्यावा, आणि शक्य तेवढा किनाऱ्यावरचा संडास-न्हाणीघर वापरावे.

स्वयंपाकासाठी प्रेशर कुकरसारखे दुसरे भांडे नाही. गॅस कमी जळतो, वाफ कमी निघते, झाकण पक्के असल्याने बोट हेलकावली तरी खिचडी सांडत नाही. मुगाची खिचडी, चकोल्या, मिसळीच्या वाटाण्याची उसळ हे सगळे एका भांड्यात होते. तळण पूर्ण बंद ठेवावे. तापल्या तेलाची कढई आणि मागून जाणाऱ्या बोटीची एक लाट, एवढे अपघाताला पुरते. शेगडीजवळ आग विझवण्याची चादर टांगलेली असावी.

घसरणे

हिवाळ्यातला सर्वांत मोठा धोका वादळात नसतो, संध्याकाळी पाँटूनवर असतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस आठ तासांपेक्षाही थोडा लहान असतो आणि चार वाजता अंधारते. दवाने किंवा बर्फाने बुळबुळीत झालेल्या फळ्यांवरून, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्यात फोन घेऊन चालणारा माणूस पाण्यात पडतो. पंधरा अंशांखालच्या पाण्यात पडल्याबरोबर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर सराईत पोहणाराही बुडतो. म्हणून पहिल्या मिनिटात पोहण्याचा प्रयत्न न करता उताणे तरंगत राहावे, श्वास ताब्यात आला की मग शिडीकडे जावे. हातापायांत ताकद त्यानंतर सुमारे दहा मिनिटेच राहते. पाँटूनवरच्या शिड्या कुठे आहेत, ते दिवसा मोजून ठेवावे. रात्री बाहेर पडताना जीवरक्षक जाकीट घालावे, डोक्याला टॉर्च लावावी आणि एक हात मोकळा ठेवावा. मदतीसाठी ९९९ किंवा ११२ लावून कोस्टगार्ड मागावे. बोटीच्या रेडिओवर चॅनेल १६.

वाट पाहण्याचे दिवस

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांनी खालचे घर सोडून वरच्या मजल्यावर दिवस काढले, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: बाहेर जाता येत नाही, करण्यासारखे काही नाही, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा राग येतो. बोटीत ती खोली तीन मीटर रुंद असते. दिवसाला कामांची चौकट घालून द्यावी. सकाळी गाद्या उभ्या करणे, दोर पाहणे, बॅरोमीटर लिहिणे. दुपारी उजेड असेतोवर किनाऱ्यावर चालून येणे, मग वाऱ्यात वाकून चालावे लागले तरी चालेल. संध्याकाळी एक दुरुस्तीचे काम. ग्रंथालय, लाँड्री आणि मरीनाचे न्हाणीघर या तीन ठिकाणी फुकटची उब मिळते.

घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. “अरे, निघालास की नाही अजून?” असा आत्याचा फोन रोज आला की शहाणा माणूसही चुकीच्या दिवशी दोर सोडतो. परतीचे तिकीट, सणासाठी पोहोचण्याचे वचन, दुसऱ्या बंदरात भेटण्याची वेळ, यांपैकी काहीही बोटीच्या प्रवासाला बांधू नये. दुसऱ्या गावी अमुक तारखेला पोहोचायचेच असेल तर बोट जागेवर ठेवून रेल्वेने जावे.

निघण्याचा दिवस

वारा पडला म्हणजे समुद्र शांत झाला असे होत नाही. मोठ्या वादळाची लाट खाडीबाहेर आणखी एक-दोन दिवस उठत राहते, आणि अरुंद तोंडाशी ओहोटीचा प्रवाह तिच्या विरुद्ध आला तर ती उभी होऊन फुटते. पुढचे कमी दाबाचे क्षेत्र निदान अट्ठेचाळीस तास दूर आहे, असे दोन वेगवेगळ्या अंदाजांत दिसले, उजेड पुरेसा असला आणि भरतीची वेळ जुळली, तरच निघावे. पहिला प्रवास दोन-तीन तासांचा, वाटेत परत फिरता येईल असा असावा, आणि कुठे जातो, किती वाजता पोहोचणार, हे किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जावे.

निघण्यापूर्वी तळाशी पाणी साचले आहे का ते पाहावे, शिडे पुन्हा चढवून त्यांचे दोर मोकळे फिरतात याची खात्री करावी, घासलेले दोर बदलावेत. विजेची केबल काढून आत घ्यावी. ती तशीच जोडलेली ठेवून निघालेली बोट प्रत्येक मरीनाने पाहिलेली आहे. इंजिनाला समुद्राचे पाणी देणारा व्हॉल्व्ह हिवाळ्यात बंद ठेवलेला असतो, तो उघडावा. मग इंजिन सुरू करून मागच्या नळीतून धुराबरोबर पाणी पडते आहे का ते पाहावे, आणि मिनिटभरात पडले नाही तर इंजिन लगेच बंद करून आधी व्हॉल्व्ह, मग गाळणी आणि मग पंपातले रबरी पंख या क्रमाने तपासावे.